प्राध्यापक क्लबचा झोपाळा

मी एक जुना झोपाळा आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे हं! माझ्या कड्या अजून भक्कम आहेत. फक्त जरा कुरकुरतात, आणि या वयात तेवढा हक्क मला असायलाच हवा.

मित्रांनो, मी वाशीच्या एका कॉलेजात, प्राध्यापक क्लबच्या व्हरांड्यात टांगलेला आहे. समोर खाडी आहे. भरती आली की पाणी तिवरांच्या गळ्यापर्यंत चढते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि त्यात बगळे हिंडतात. मी मागे गेलो की क्लबची भिंत, पुढे गेलो की पाणी. भिंत, पाणी, भिंत, पाणी असे बघता बघता मी थोडा स्वप्नाळू झालो आहे. सांगता सांगता मध्येच हरवलो, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म तळवलीचा. आधी मी झोपाळा नव्हतोच, दत्तू नावाच्या एका मासेमाराच्या होडीच्या फळ्या होतो. नवे शहर वसू लागले तेव्हा गावोगावच्या जमिनी गेल्या, मिठागरे बुजली. दत्तू मासेमारी सोडून कॉलेजात शिपाई झाला आणि त्याची होडी काठावर उपडी पडून राहिली. तो काळ १९७७-७८चा. कॉलेजही नवे आणि वाशीही नवी. मोकळे प्लॉट, उडणारी माती आणि डास, बाकी काही नाही! दादर-गिरगाव सोडून आलेल्या प्राध्यापकांना संध्याकाळ खायला उठायची. "कुठल्या रानात आणून टाकलंत हो!" असे घरी रोज ऐकावे लागायचे ते वेगळेच. म्हणून त्यांनी क्लब काढला. क्लब कसला, एक खोली, एक कॅरम, एक स्टोव्ह आणि हा व्हरांडा.

व्हरांड्यात काय ठेवावे यावर त्यांनी तीन बैठका घेतल्या. शेवटी चहा आणणारा दत्तूच म्हणाला, "सायेब, माजे होरीच्या फल्या परल्यान तथं. सागाच्या हायेत, पानी पिऊन घट झाल्यान. झोपाला करा ना!"

बोनकोड्याच्या गोटीराम सुताराने मला रंधा मारला, कोपरे गोल केले आणि मी झोपाळा झालो. पहिल्या दिवशी माझ्यावर बसायला एवढी झुंबड उडाली, की काय सांगू! मोठी शिकलेली माणसे, पण लहान पोरांसारखी ढकलाढकली करत होती. मग वनस्पतिशास्त्राचे मोडक सर पुढे झाले. श्यामसुंदर मोडक हे क्लबमधले सगळ्यांत ज्येष्ठ. आवाज करडा, मन लोण्याचे. त्यांनी तिथल्या तिथे नियम केला.

"जो नोकरीत कायम झालाय, तोच झोपाळ्यावर बसेल. टेंपररी मंडळींनी पायरीवर बसावं आणि आपली पाळी यायची वाट बघावी."

सगळे हसले. तेव्हा ती गंमत होती. पण गमतीची रीत कधी झाली, ते कळलेच नाही. कोणी कायम झाला की त्या संध्याकाळी नारळ फुटे, पेढे येत, नव्या माणसाला मधोमध बसवत आणि मोडक सर स्वतः पहिला झोका देत. कायम होणे याला क्लबात "झोपाळ्यावर चढणे" म्हणू लागले. "काय हो, कधी चढताय?" असे एकमेकांना विचारत. मला केवढा मान! मी तर हवेतच असायचो.

कामही मी मन लावून केले. माझ्यावर बसून मंडळींनी पेपर तपासले, निवडणुकांवर भांडणे केली, मुलींची लग्ने ठरवली. एकदा माझी कुरकूर थांबवायला कुठले तेल घालावे यावर रसायन आणि पदार्थविज्ञान हे दोन विभाग हमरीतुमरीवर आले. अखेर पदार्थविज्ञानाच्या जयप्रकाश सरांनी ग्रीस फासले. महिनाभर सगळ्यांच्या पांढऱ्या बाह्या काळ्या! दुपारी क्लब रिकामा असला की दत्तू हळूच येऊन माझ्यावर आडवा व्हायचा. तो डोळे मिटायचा आणि मी अगदी हलके हलत राहायचो. ते आम्हा दोघांचे सुख होते.

आणि मग सुचित्रा आली.

सुचित्रा तांबे. मोडक सरांच्याच विभागात टेंपररी लेक्चरर. वडील रबाळ्याच्या कारखान्यात कामाला, घरात शिकलेली तीच पहिली. अंगाने काटकुळी, पण चिखलात उतरली की गुडघाभर! तिवरांवर तिचा अभ्यास चालू होता. संध्याकाळी ती पायरीवर बसायची, पाय झटकायची, चहा प्यायची आणि माझ्याकडे बघायची. कधी बोलायची नाही, नुसती बघायची. मला वाटायचे, उठावे आणि हिच्यापाशी जावे. पण झोपाळ्याला कुठे जाता येते? पुढे जितके गेलो, तितकेच मागे यायचे.

टेंपररी म्हणजे काय असते, ठाऊक आहे का मित्रांनो? दर एप्रिलमध्ये नोकरी संपायची आणि जूनमध्ये पुन्हा लागायची, लागली तर. सुचित्रा दर एप्रिलला आपला टेबलाचा खण रिकामा करायची. वाळवलेली पाने, भिंग, कात्री, सगळे पिशवीत भरून घरी. जूनमध्ये तेच सगळे परत. सलग वर्षे धरली जाऊ नयेत म्हणून वरची मंडळी अशी मध्येच फट ठेवत. एका एप्रिलमध्ये ती पिशवी घेऊन पायरीवर टेकली आणि अर्थशास्त्राच्या पाटणकर सरांना म्हणाली, "सर, मला पगाराचं एवढं नाही हो. पण हा खण एकदा भरला की भरलेलाच राहावा असं वाटतं."

पाटणकर सर एरवी सगळ्यांची टर उडवणारे. त्या दिवशी त्यांनी तिची पिशवी उचलली आणि फाटकापर्यंत पोचवली.

१९८४च्या उन्हाळ्यात जागा निघाली. सुचित्राची मुलाखत फक्कड झाली. दुसऱ्या दिवशी मोडक सर प्राचार्यांच्या खोलीतून आले ते हसतच. "झालं! साहेब म्हणाले, होईल, होईल!"

इथेच घोळ झाला बघा. मुलांनी पुराव्याशिवाय उत्तर लिहिले तर हेच लोक लाल रेघ मारतात. पण त्या दिवशी एकानेही विचारले नाही, की पत्र कुठे आहे? "होईल" म्हणजे झालेच, असे सगळ्यांनी धरले. नारळ आला, पेढे आले, कुणी मोगऱ्याचा गजरा आणला. सुचित्रा नको नको म्हणत होती. "सर, पत्र येऊ द्या ना."

"अगं, येईल गं पत्र! चढ तू!" मोडक सर म्हणाले.

ती बसली. अगदी कडेला, अंग चोरून. मोडक सरांनी झोका दिला. पहिल्याच झोक्याला तिने डोळे मिटले. मी तिला पाण्याकडे नेले, भिंतीकडे आणले, पुन्हा पाण्याकडे नेले. तिच्या हाताची पकड सैल होत गेली. एवढे हलके माणूस माझ्यावर कधी बसले नव्हते. ती संध्याकाळ आठवली की मला अजून गुंगी येते.

दुसऱ्या दिवशी पत्र आले. दुसऱ्याच्या नावाचे.

व्यवस्थापनातल्या कुणाचा तरी भाचा, सुधीर नावाचा. सुचित्रा संध्याकाळी पिशवी घेऊन आली. रडली वगैरे नाही. फक्त मोडक सरांना म्हणाली, "सर, मी बसायला नको होतं."

मोडक सरांचा चेहरा पार उतरला. "तू नाही गं," ते म्हणाले, "मीच बसवायला नको होतं."

 ती गेल्यावर ते जाऊन पायरीवर बसले. पाटणकर सर म्हणाले, "अहो मोडक, इथे या ना." मोडक सरांनी मान हलवली. "ती चढेपर्यंत मी नाही बसायचा."

पाटणकर सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग पुटपुटले, "च्यायला!" आणि तेही उठले. मग जयप्रकाश सर. मग एकेक करत सगळेच. या क्लबने बैठक न घेता घेतलेला हा पहिलाच निर्णय. सुधीर बिचारा पेढे घेऊन आला, तर सगळे पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेले आणि मी रिकामा. काय ते त्याच्या ध्यानात आले. त्याने पेढे खाली ठेवले आणि तोही पायरीवरच टेकला. मला तो तेव्हापासून आवडतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तू आला, त्याने माझ्यावरची धूळ पुसली आणि खाली फरशीवर आडवा झाला. "मीबी नाय बसायचा," म्हणाला.

आणि मी ओस पडलो, मित्रांनो. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने माझ्या कड्यांना गंज चढला. कोळ्याने जाळे विणले. वारा आला की मी आपला एकटाच हलायचो आणि मला वाटायचे, कुणीतरी बसले आहे. माझ्यासारख्या झोपाळ्यांची गाऱ्हाणी तुम्ही ऐकली असतील, की आमच्याकडे कुणी बघत नाही. माझे तसे नव्हते. सगळे माझ्याकडे रोज बघत आणि बसत नसत. कंटाळा यायचा, खोटे कशाला बोलू? पण असा मान मला नारळ-पेढ्यांनीही दिला नव्हता.

सुचित्रा कोपरखैरण्याच्या एका शाळेत शिकवू लागली. पुढे मोडक सरांनी खटपट करून तिला तासिका तत्त्वावर प्रात्यक्षिकांसाठी बोलावले. जेवढे तास, तेवढेच पैसे. ती यायची, चहा प्यायची. गच्च भरलेल्या पायऱ्या बघून एकदा रागावलीसुद्धा. "सर, बसा हो त्या झोपाळ्यावर! मला लाज वाटते."

"आम्हाला पायरी मानवलीय," पाटणकर सर म्हणाले. त्यांचे गुडघे बोंबलत होते, ते सगळ्यांना ठाऊक होते.

१९८७ साली मोडक सर साठीचे झाले आणि रिटायर झाले. आणि त्याच जूनमध्ये सुचित्राच्या नावाचे पत्र आले. या वेळी मोडक सरांनी ते स्वतः दोनदा वाचले, पाटणकरांना मोठ्याने वाचायला लावले आणि मगच नारळ फोडला. दत्तूने माझ्या कड्या घासल्या. हसणे-खिदळणे चालले होते. सुचित्रा माझ्यावर बसली. कडेला नाही, मधोमध. मोडक सर झोका द्यायला मागे आले.

तेवढ्यात पाटणकर सरांना राहवले नाही. "मोडक, आता तरी सांगा तिला! अगं, याला आणखी दोन वर्षं मिळत होती. प्राचार्य स्वतः घरी गेले होते. यानं नाही म्हटलं. हा उठल्याशिवाय जागा कुठून होणार?"

"पाटणकर, तुम्हाला कोणी विचारलं होतं?" मोडक सर खेकसले.

सुचित्राने दोन्ही पाय फरशीला टेकून मला थांबवले. तिचा चेहरा लालबुंद झाला. "सर, हे खरं आहे?"

"अगं, कंटाळा आला होता मला."

"खोटं! त्या दिवशी सकाळी रिटायर झालात आणि दुपारपासून लॅबच्या खिडकीशी उभे होतात. मी बघितलं नाही?" तिचा आवाज फुटला. "मला न विचारता असं कसं केलंत?"

 मोडक सर खाली बघत होते.  मग सुचित्राने पदराने डोळे पुसले आणि ती एका बाजूला सरकली.

"या. बसा इथे."

"मला नाही बसता येणार," मोडक सर म्हणाले. "मी आता कायम नाही. नियम आहे."

"नियम कुणी केला होता?"

"मीच."

"मग तो मी मोडला. आता मी कायम आहे ना? माझं कोण काय करतंय? बसा सर, नाहीतर मीही उतरते."

मोडक सर बसले. इतक्या वर्षांनी त्यांचे वजन माझ्यावर आले आणि माझ्या फळ्या सुखावल्या. झोका द्यायला मागे कुणीच नव्हते. त्या दोघांनीच पायाने हळूच रेटा दिला. पायरीवरच्या नव्या टेंपररी मुलीला सुचित्राने हाक मारली, "ए नंदिनी, तिथे काय बसलीस? ये!"

तेव्हापासून माझ्यावर कुणीही बसते. दुपारी दत्तू, संध्याकाळी नवे-जुने, सुट्टीत तुम्ही पोरेटोरे. मित्रांनो, मला तेल घाला, धुळीत टाकू नका, हे तर मी सांगेनच. झोपाळा झालो म्हणून काय झाले, मलाही जीव आहे. पण माझे खरे मागणे वेगळेच आहे. कुठे बसायला मिळाले, की जरा इकडेतिकडे बघा. शेजारी कुणी उभे असेल, तर थोडे सरकून बसा. मोडक सर अजून दर शनिवारी येतात. ते दिसले की सुचित्रा बोलता बोलता सरकते, आणि ते येऊन बसतात.