नवव्या फेरीतले अकरा सेकंद

“मास्तर गप्प का झाले? लाइन गेली का?”

निर्मातीबाई एवढ्या जोरात ओरडल्या की प्रक्षेपणाच्या गाडीत चहा पीत उभ्या असलेल्या वायरमनला ठसका लागला. कानसेन मात्र जागचा हलला नाही. त्याच्यासमोर आवाज कमीजास्त करायच्या पंधरा पट्ट्या होत्या. पहिली बॉक्सिंगच्या या लढतीचं समालोचन करणाऱ्या मास्तरांच्या माईकची, आणि तिच्यावरचा हिरवा दिवा व्यवस्थित लागलेला होता. लाइन ठणठणीत होती. मास्तरच बोलत नव्हते.

“लाइन आहे, बाई. ते थांबलेत.”

“थांबलेत? नववी फेरी चाललीय, धाकटा गुणांवर पुढे आहे, लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलंय, आणि हे थांबलेत! घरी बसलेल्यांनी काय बघायचं?”

“लढत,” कानसेन म्हणाला आणि त्याने लगेच जीभ चावली.

त्यांच्या जागी बाई बरोबरच होत्या. टीव्हीवर तीन सेकंद आवाज आला नाही तर माणूस रिमोट शोधायला लागतो. कानसेनने घड्याळाकडे पाहिलं. आठ, नऊ, दहा. अकरा सेकंद झाले आणि दिवा लाल झाला. मास्तरांनी खोकल्याचं बटण दाबलं होतं. समालोचकाला खोकला आला किंवा पाणी प्यायचं असलं, की तो हे बटण दाबतो. तेवढ्यापुरता त्याचा माईक लोकांच्या घरी पोहोचत नाही. गाडीत बसलेल्या कानसेनच्या हेडफोनमध्ये मात्र पोहोचतो.

मास्तर खोकले नाहीत. हळू आणि स्पष्ट आवाजात ते म्हणाले, “डॉक्टर, त्याचा डावा पाय बघा. मागे राहतोय.”

दिवा पुन्हा हिरवा झाला. पडद्यावर दिसलं, मास्तरांच्या शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर उठले, दोरांपाशी गेले, त्यांनी रेफ्रीला हाक मारली. रेफ्रीने लढत थांबवली. डॉक्टरांनी त्या बॉक्सरच्या, धाकट्याच्या, डोळ्यांत टॉर्च मारला, त्याला डाव्या पायावर उभं राहायला सांगितलं आणि लगेच दोन्ही हात आडवे हलवले. खेळ खलास. पुढे असलेला धाकटा हरला.

मग जे व्हायचं तेच झालं. बाटल्या उडाल्या, खुर्च्या उलटल्या. धाकटा बिचारा “मी ठीक आहे, मी ठीक आहे” म्हणत रिंगमध्ये गोल फिरत होता. त्याचा थोरला भाऊ, तोच त्याचा प्रशिक्षक, कोपऱ्यातून धावत आला, आणि डॉक्टरांना सोडून त्याने मास्तरांवर बोट रोखलं. “हा बोलला! वाकून बोलला हा, मी बघितलंय!”

मास्तर माईकवर एवढंच म्हणाले, “डॉक्टरांनी लढत थांबवली आहे. हा मुलगा आज फार चांगला लढला.”

कानसेन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तरुणपणी तो गायला बसला की माणसं उठून जात. तेव्हा एका मित्राने सांगितलं, बाबा रे, तानसेन होणं तुझ्या नशिबात नाही, निदान कानसेन हो. तो झाला. बावीस वर्षं तो आवाजाच्या पट्ट्यांवर बसला होता, आणि त्यातली बहुतेक वर्षं मास्तरांच्या आवाजासोबत. मास्तर आधी शाळेत कवायत शिकवत. शिट्टी गळ्यात घालून उन्हात उभे राहायचे. तिथून ते बॉक्सिंगच्या समालोचनात कसे आले ही वेगळीच कथा, पण आले ते मुक्काम ठोकायलाच.

बाकीचे समालोचक दिसलेला ठोसा सांगत. लोकांना तो दिसलेलाच असे, त्यामुळे ते सांगणं म्हणजे जेवलेल्याला ताट वाढणं. मास्तर न दिसलेलं सांगत. “याचा उजवा हात खाली यायला लागलाय,” ते सहज म्हणून जात, आणि दोन मिनिटांत त्याच बाजूने ठोसा बसे. निकाल आधी कळला म्हणून त्यांनी कधी फुशारकी मारली नाही. रेफ्री पडलेल्या माणसावर आकडे मोजायला लागला की ते तोंड मिटत ते थेट मोजणी संपेपर्यंत. कानसेनने एकदा कारण विचारलं होतं. “घरी त्याची आई ऐकत असेल,” मास्तर म्हणाले, “तिला आकडे नीट ऐकू येऊ देत. मधे माझं काय काम?” ज्याचं पोट बोलण्यावर चालतं त्याने गप्प कधी बसायचं हे जाणावं, याचं त्याला अजूनही आश्चर्य वाटे.

आणि तेच मास्तर आता अडचणीत आले होते. लढत चालू असताना समालोचकाने रेफ्री, डॉक्टर, प्रशिक्षक यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही, हा बॉक्सिंग मंडळाचा नियम. बोलला तर माईक कायमचा गेला. थोरल्याने रागाच्या भरात अर्ध्या तासात लेखी तक्रार ठोकली. त्यानंतर तासाभरात कपडे बदलताना धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. इस्पितळात कळलं, डोक्यात रक्त साकळलंय. शस्त्रक्रिया झाली आणि पोरगं वाचलं. अजून एक फेरी लढला असता तर वाचलं नसतं, असं तिथले सर्जन म्हणाले. थोरला तक्रार मागे घ्यायला धावला, पण मंडळाने सांगितलं, नोंद झाली आहे, सुनावणी होणार. मास्तरांना वाचवायला रिंगच्या डॉक्टरांनी चक्क सांगून टाकलं की शंका त्यांना आपणहून आली होती. आता पुरावा उरला तो एकच: कानसेनच्या मशीनमध्ये प्रत्येक माईकचं वेगवेगळं रेकॉर्डिंग असतं. मंगळवारपर्यंत ते पाठवायचं होतं.

रविवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर हेडफोन लावून बसला. पाठवण्याआधी नीट ऐकावं, एवढाच हेतू होता. मास्तरांचा माईक ऐकून झाला. मग सहज अकराव्या माईकवर गेला. हा माईक रिंगच्या फळ्यांखाली बांधलेला असतो, पावलांचा आवाज यावा म्हणून.

सातवी फेरी. धाकट्याच्या कानशिलावर बसलेला एक ठोसा. दोन पावलं, आणि मग, खर्र.

कानसेन ताठ बसला. आठव्या फेरीत तीनदा, खर्र. नवव्या फेरीच्या सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक पावलाला. मग त्याने घरोघरी गेलेलं प्रसारण लावलं, तर तिथे तो आवाज एकदम दूर गेला. माईकच्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये तो शेवटपर्यंत स्पष्ट होता. दूर गेला होता तो प्रसारणात, कारण त्याने स्वतःच ती पट्टी दोन बोटं खाली ओढली होती. त्याला सगळं आठवलं. वायर सैल झाली असं त्याला वाटलं होतं. वायरमनला त्याने सांगितलंही होतं, “अकरा नंबर घासतोय, उद्या बघून घे.”

बायको भाजी निवडत होती. तिने त्याचा चेहरा पाहिला. “काय झालं हो?”

“मला ऐकू आलं होतं.”

“काय?”

“मास्तरांनी नवव्या फेरीत बघितलं ते. मला सातवीतच ऐकू आलं होतं. पोराचा पाय घासत होता आणि मी आवाज कमी केला. कानसेन म्हणतात मला!”

ती त्याला समजवायला गेली नाही. सुरी खाली ठेवून म्हणाली, “मग मला सांगून काय होणार? त्यांच्याकडे जा.”

मास्तर एकटेच राहत. तो गेला तेव्हा ते सदऱ्याला बटण लावत होते, सुईत दोरा ओवायला खिडकीपाशी उभे होते. कानसेनने एका दमात सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, “रेकॉर्डिंग खराब झालंय असं मी लिहून देतो. मशीन जुनं आहे, कुणाला खोटं वाटणार नाही.”

“मला वाटेल ना.”

“मास्तर, तुमचा माईक जाईल!”

“जाईलच. तो नियम करणाऱ्या सहा जणांत मी होतो.” दोरा ओवला गेला, तसे ते खाली बसले. “आणि नियम चांगलाय. उद्या एखादा समालोचक आपल्या आवडीच्या पोरासाठी डॉक्टरच्या कानाला लागेल. त्याला कसं अडवणार? मास्तर बोलले होते, असं म्हणेल तो.”

“मग तुम्ही का बोललात?”

“अकरा सेकंद नाहीच बोललो. तेवढा वेळ हाच हिशेब चालला होता.” ते हसले. “मला पाय दिसला, पण खात्री नव्हती. तुला ऐकू आला, पण अर्थ लागला नाही. दोघं मिळून एक धड माणूस झालो असतो, बघ. चहा घेशील?”

कानसेनचे डोळे भरून आले. तो चहा न घेता निघाला आणि घरी जाऊन त्याने रेकॉर्डिंग जसंच्या तसं पाठवून दिलं.

सुनावणी एका लांब टेबलाच्या खोलीत झाली. अध्यक्ष, दोन सभासद, समोर मास्तर, डॉक्टर, थोरला आणि यंत्र चालवायला कानसेन. मास्तरांचं वाक्य ऐकवलं गेलं. डॉक्टरांनी मान खाली घातली.

“हा आवाज तुमचा?” अध्यक्षांनी विचारलं.

“माझाच.”

“काही सांगायचंय?”

“नाही.”

“मला सांगायचंय,” कानसेन म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू टेबलच बोललं. त्याने परवानगीची वाट न बघता अकरावा माईक लावला. खर्र. पाऊल. खर्र. “हा धाकट्याचा पाय. हा मी सातव्या फेरीत ऐकला आणि नवव्या फेरीत वायर खराब समजून दाबून टाकला. बावीस वर्षं ऐकायचा पगार घेतोय मी. यांनी तीस फुटांवरून, एवढ्या गोंगाटात, लोक ठोसे बघत असताना पाय बघितला. एवढं कागदावर यावं.”

थोरला म्हणाला, “परत लावा.” कानसेनने परत लावलं. थोरल्याने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं नाही. तो टेबलाची कड घट्ट धरून बसला होता. रोज सकाळी त्या पायांना पळवणारा तोच होता.

अध्यक्ष चांगला माणूस होता. त्याने सगळं कागदावर घेतलं, आभारही लिहिले, आणि मग नियमाप्रमाणे मास्तरांचा माईक कायमचा काढून घेतला. मास्तरांनी वाचून सही केली. लिहिण्यात एक वेलांटी चुकली होती तीही दुरुस्त करून दिली.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी थोरला उभा होता. मास्तरांनीच विचारलं, “कसा आहे तो?”

“बराय. चालतो आता. काल अंगणापर्यंत गेला.”

“उठल्यावर कुठला पाय आधी टाकतो?”

थोरला गोंधळला. “ते... ते नाही बघितलं मी.”

“बघत जा,” मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं.

त्यांनी कठडा धरला आणि ते एकेक पायरी उतरू लागले. कानसेन त्यांच्यामागे निघाला होता, पण थांबला. थोरला वरच उभा होता, आणि मास्तर खालच्या दारातून बाहेर पडेपर्यंत त्यांच्या पावलांकडे बघत होता.