सहाव्या ओळीपर्यंत

माझी बायको साळूबाई गेली त्याला महिना झाला होता आणि मी निम्म्या गावाशी भांडून बसलो होतो. भांडलो हे मला माहीत नव्हतं. ते मला पुष्पाबाईंनी सांगितलं.

दिवाळीनंतर, कापसाच्या दुसऱ्या वेचणीला, साळूबाईला साप चावला. बाजाराचा दिवस होता. आमच्या गावात आठ जीपा आहेत, पण त्या दिवशी आठही भाडं घेऊन जाफराबादला गेल्या होत्या. फोन केला तर ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला गेलेली. शेवटी मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून धरून तिला नेलं. तोवर दोन तास गेले होते. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला पाहिजे होतं.

तेवढं एक वाक्य घेऊन मी घरी आलो. दहाव्यानंतर ठरवलं की रोज एक जीप गावात थांबलीच पाहिजे. वाराप्रमाणे पाळी लावायची आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मालकाचं नाव, फोन नंबर लिहायचा. साळूबाईसाठी आता उपयोग नव्हता. पण दुसऱ्या कुणाच्या घरात हे वाक्य यायला नको होतं.

डिसेंबरच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि बोललो. अर्ध्यातच जीपवाला सर्जेराव उठला. "आम्ही मारलं का साळूकाकूला?" म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागे आणखी चार जण गेले. सरपंच वंदनाताई म्हणाल्या, "सव्वीस जानेवारीच्या सभेत बघू."

संध्याकाळी शेजारच्या पुष्पाबाई भाकरी घेऊन आल्या. त्या आणि साळूबाई वीस वर्षं एकाच शेतात कापूस वेचायच्या.

"भाऊजी, तुम्ही असे बोलले जसं काय सर्जेरावच्या जीपनंच साप आणला."

"मी तर सरळ बोललो, वहिनी."

"सरळ? मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेलं. अन् इतक्या जल्दी, की मला 'जीप' अन् 'मेली' एवढंच कळलं. सर्जेरावलाही तेवढंच कळलं असंल."

मी एकवीस वर्षं जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनवर होतो. तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडायचं आणि श्वास संपायच्या आत सांगून टाकायचं, नाहीतर अर्धं मशीनच खाऊन टाकतं. जिनिंग सुटली, पण आवाज तसाच राहिला असणार. चारचौघांत बोलताना साळूबाई माझ्या मनगटावर हात ठेवायची. मला वाटायचं, तिची सवय आहे. हात ठेवला की मी हळू व्हायचो, हे मला तेव्हा कळलं नाही.

"मंग काय करू?" मी विचारलं.

"साळू काय म्हणायची? वेचताना बाईचं बोलणं सहाव्या ओळीला गेलं पाहिजे, बांधावर न्हाई. बांधावर मालक असतो. उद्या या शेतात."

दुसऱ्या दिवशी त्या कंबरेला ओटी बांधून वेचायला लागल्या. मी सहा ओळी सोडून उभा राहिलो.

"बोला. मी हात वर केला का आवाज जादा. वेचायची थांबले का ऐकू येत न्हाई."

मी बोललो. त्यांचा हात वरच. शेजारच्या शेतातला माणूस धावत आला, काय झालं म्हणून. पुष्पाबाई म्हणाल्या, "काही न्हाई, भाषण चालू हाय." तो हसत गेला.

मग मी आवाज इतका खाली नेला की मलाच तो चोरून बोलल्यासारखा वाटला. त्यांनी वेचणं थांबवलं. पुन्हा थोडा वर नेला. त्या वेचत राहिल्या. तो आवाज घशात नाही, छातीत कुठे बसतो ते मी बघून ठेवलं. कानाचा भरवसा नव्हता.

"आता जल्दी कमी करा," त्या म्हणाल्या. "एक गोष्ट सांगितली की एक बोंड वेचा. बोंड ओटीत पडल्यावर पुढची गोष्ट."

मी पण वेचायला लागलो. साळूबाईला साप चावला. बोंड. गावात जीप नव्हती. बोंड. इथे मला पुढे बोलताच येईना. इतके दिवस मी घाईघाईने बोलत होतो ते यासाठीच, की मध्ये थांबलो तर ती आठवायची. पुष्पाबाईंनी वर पाहिलं, पण हात वर केला नाही. मी तीन बोंडं वेचली आणि पुढचं वाक्य बोललो.

फरदडीचा, म्हणजे शेवटच्या बहराचा कापूस संपेपर्यंत मी रोज गेलो.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सभा बसली. सर्जेराव दाराजवळ उभा होता, निघायच्या तयारीत. मी माईक नको म्हणालो. पुष्पाबाई बायकांत बसल्या होत्या, बरोबर सहा ओळींवर. मी हात पाठीमागे घेतले आणि बोटांनी बोंड वेचत बोलायला लागलो.

"त्या दिवशी कुणाचीच चूक नव्हती. बाजार होता." बोंड. "जीपवाल्यांनी बाजाराला जायलाच पाहिजे." बोंड. "पण सातांनी जावं आणि एकानं थांबावं."

सर्जेराव म्हणाला, "काका, आज जिनिंग बंद हाय वाटतं!"

लोक हसले. मीही हसलो. एरवी मी त्याच्यावर चढून बोललो असतो. सर्जेराव दारातून आत येऊन बसला.

ग्रामसेवकांनी फळ्यावर वार लिहिले. पाच नावं पटापट आली, सहाव्याला थोडी ओढाताण झाली. बाजाराचा वार तसाच राहिला. त्या दिवशी थांबणं म्हणजे आठवड्याची कमाई सोडणं. कुणी वर बघेना. सरपंच म्हणाल्या, "सहा दिवस तर झाले, काका. त्यावर भागवू."

"न्हाई ताई," मी म्हणालो. "ती बाजाराच्या दिवशीच गेली."

यापुढे सांगायचं काही उरलं नव्हतं. आवाज छातीतून वर चढायला लागला होता. मनगटावर हात नव्हता. मी माझाच हात मनगटावर ठेवला आणि थांबलो. एक बोंड. दोन. पाच. पुष्पाबाई माझ्याकडे बघत होत्या, हात मांडीवर ठेवून. आठ. नऊ.

"लिहा," सर्जेराव म्हणाला. "बाजाराचा वार माझा. महिन्यातून एकदा आठव्या जीपवाल्यानं मला सोडवावं, बस."

खडूनं त्याचं नाव लिहिलं गेलं. सरपंचांनी मला विचारलं, "काका, अजून काही बोलायचं?"

मी "न्हाई" म्हणालो. ते पहिल्या ओळीलाही ऐकू गेलं नसेल.