डॉक्टरांच्या खुर्चीने पाहिलेली दोन आजारपणं

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, पण माझ्यावर हौसेने कुणी बसत नाही. मी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची. माझ्याकडे येणारा माणूस आधी दारात घुटमळतो, मग घड्याळ बघतो आणि शेवटी नाइलाजाने माझ्या कुशीत येऊन डोळे घट्ट मिटतो.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कामगारांनी मला पोपटी रेक्झिन चढवलं, वर-खाली करून पाहिलं, आणि लाकडी खोक्यात घालून बोटीने दूरदेशी पाठवलं. खोकं उघडलं तेव्हा समोर एक नवराबायको उभे होते. दोघंही दातांचे डॉक्टर, दोघंही माझ्यासारखेच परदेशातून आलेले. डॉक्टर मोठ्यांचे दात बघत आणि डॉक्टरीणबाई मुलांचे. त्यांच्या दोन मुली शाळा सुटली की दवाखान्यातच येत. थोरली शांतपणे अभ्यास करी. धाकटी एवढ्या तेवढ्यावरून भोकाड पसरी, म्हणून तिला सगळे पिपाणी म्हणत.

ते दिवस फार चांगले होते. डॉक्टर रोज संध्याकाळी मला स्वतःच्या हाताने पुसत. "हिच्या जिवावर आपलं घर चाललंय," असं ते म्हणाले की माझी पाठ आपोआप ताठ होई.

आमच्याकडे एक वकीलबाई येत. एकदा दाढेत मसाला भरून झाल्यावर चूळ भरता भरता त्यांनी विचारलं, "डॉक्टर, इथे मृत्युपत्र नोंदवलंत का?"

"अहो, अजून माझे स्वतःचे सगळे दात शाबूत आहेत!" डॉक्टर हसले. "आणि मी एक कागद लिहून, सही करून ठेवलाय की. सगळं बायकोलाच तर द्यायचंय."

"नुसत्या सहीने इथे भागत नाही. परक्या माणसाने इथल्या दप्तरात नोंद केली नाही, तर वाटण्या इथला कायदा ठरवतो."

"करू, करू. एवढी सुट्टी लागू दे."

सुट्टी लागण्याआधीच डॉक्टर गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

मित्रांनो, दवाखाना त्यांच्या नावावर होता. त्याला सील लागलं. बँकेतली खाती अडकली. सामानाची मोजदाद करायला एक अधिकारी आला, तेव्हा डॉक्टरीणबाई मुलींना घेऊन दारात उभ्या होत्या. पिपाणीने खुंटीकडे बोट दाखवलं. "आई, बाबांचा कोट घेऊ?"

अधिकारी वाईट माणूस नव्हता. तो खाली बसून तिला म्हणाला, "बाळा, आत्ता काहीच नेता येणार नाही." मग उठून बाईंना म्हणाला, "तुमच्या नवऱ्याने लिहिलेला कागद खरा असेलही. पण आमच्याकडे त्याची नोंद नाही. आता कोर्ट ठरवेल, तेच. मुलींच्या वाट्याचा पालक कोण, हेसुद्धा."

"म्हणजे काय? मी त्यांची आई आहे!"

"तेही कोर्टात सांगावं लागेल, बाई."

त्या दिवशी पिपाणी रडली नाही. तिने नुसतं बोट खाली घेतलं. ते तिच्या रडण्यापेक्षा वाईट होतं.

दार बंद झालं. माझ्यावर धूळ साचली. रेक्झिन तडकलं, सांधे कुरकुरायला लागले. बाहेर बाई दुसऱ्याच्या दवाखान्यात पगारावर राबत होत्या, आणि उरलेला वेळ कोर्टात वाट बघण्यात जात होता. निकाल त्यांच्याच बाजूने लागला, पण तोवर पिपाणीचे पुढचे दुधाचे दात पडून नवे आले होते.

सील निघालं. बाईंनी मला घासून पुसून चालू केलं. ओळखीचे पेशंट परतले. आता सुटलो, असं मला वाटलं. आणि तेवढ्यात बाईंच्या पोटात गाठ निघाली. मोठं ऑपरेशन करायचं ठरलं.

बाईंनी मुलींना मला टेकून बसवलं आणि सगळं सरळ सांगितलं. पिपाणीने आईचा हात धरला. थोरलीने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "आई, तुला काही झालं तर आम्हाला कोण नेणार?"

"असं अभद्र बोलू नये," असं बाई म्हणतील, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "बरं झालं विचारलंस." आणि त्यांनी तिथूनच वकीलबाईंना फोन लावला.

वकीलबाई दवाखान्यातच आल्या. "मुलींना कोण सांभाळणार?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"माझा भाऊ आणि वहिनी. दोघांनाही विचारलंय."

"ते मायदेशी. त्यांना इथे पोचेपर्यंत मुली कुणाकडे?"

बाई गडबडल्या. "ते... ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

"बहुतेकांच्या येत नाही. आणि मग सरकारची अनोळखी माणसं मुलांना अनाथाश्रमात नेऊन ठेवतात."

"आम्ही शेजारच्या काकूंकडे राहू," पिपाणी मध्येच म्हणाली. "त्यांच्याकडे मांजर आहे."

"चालेल," वकीलबाई गंभीरपणे म्हणाल्या. "मांजराची सही लागणार नाही, पण काकूंची लागेल."

कितीतरी दिवसांनी त्या खोलीत हसू फुटलं.

मग दवाखाना, बँक, पालक असं सगळं नीट लिहून झालं. इथल्या भाषेत त्याचं भाषांतर झालं. दोन साक्षीदार घेऊन बाई नोंदणी कचेरीत गेल्या, आणि परत आल्या त्या थेट माझ्यावरच बसल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्यावर बसत होत्या. त्यांनी पाठ टेकली, चपला काढल्या आणि एवढा मोठा श्वास सोडला, की माझ्या जुन्या स्प्रिंगाही सैल झाल्या.

"झालं," त्या मुलींना म्हणाल्या. "आता मी खुशाल ऑपरेशनला जाते."

ऑपरेशनच्या दिवशी दवाखाना बंद होता. पण या वेळी दाराला सील नव्हतं, साधं कुलूप होतं. काही दिवसांनी ते कुलूप काकूंनी उघडलं. मागून मुली आल्या, आणि त्यांच्या मागून भावाच्या खांद्याचा आधार घेत डॉक्टरीणबाई! गाठ साधी निघाली होती. चेहरा उतरला होता, पण डोळे हसत होते.

"बघा, मामाला उगीच बोलावलं," बाई मुलींना म्हणाल्या.

"उगीच कसं?" मामा म्हणाले. "आता आलोच आहे, तर माझी दाढ बघ."

मित्रांनो, मृत्युपत्राचं नाव काढलं की मोठी माणसं माझ्यावर बसल्यासारखी अंग चोरतात. त्यांना रागावू नका, भीती सगळ्यांनाच वाटते. पण तुमचं घर परक्या देशात असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि थोरलीने विचारलं तसं एकदा विचारा. आधी ते गप्प होतील. होऊ देत. तुम्ही त्यांचा हात मात्र सोडू नका.