जिवलीचे खाडे

फेब्रुवारीचा पगार मार्च उजाडल्यावर कधीतरी जमा होतो. वर्षालीच्या मोबाइलवर मेसेज आला तेव्हा ती तिसरीच्या वर्गात पाढे घेत होती. तिनं टेबलाखाली मोबाइल धरून बघितला आणि तिला वाटलं, मेसेज अर्धाच आलाय. पुन्हा बघितला तरी आकडा तोच. नेहमीच्या पगाराच्या निम्मासुद्धा नव्हता. पोरं पाढा म्हणता म्हणता थांबली, तरी बाईंच्या लक्षात आलं नाही.

मोखाड्याजवळच्या एका आश्रमशाळेत वर्षाली शिकवते. सहा महिन्यांची बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच परत रुजू झाली होती. रजेचा पगार मंजुरीच्या कागदावाचून अडकून पडला होता, तो जानेवारीत एकदाचा एकदम मिळाला. जरा कुठं हायसं वाटतंय म्हणेपर्यंत हे असं.

स्टाफरूममध्ये तिनं आडून आडून विचारून बघितलं. नाशिककडचे एक सर डबा खाता खाता म्हणाले की टॅक्स असेल, फेब्रुवारीत सगळ्यांचाच कापतात, मिस्टरांना विचारा ना. मग ते आपल्या प्लॉटच्या गोष्टीकडे वळले. मिस्टरांना काय विचारणार कपाळ! मुकेश बोईसरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, रविवारची सुट्टी मिळाली तर मोखाड्याला येणार. त्याच्या सात पिढ्यांत कुणी टॅक्स भरला नव्हता आणि तिच्याही. दाभोशाच्या त्यांच्या पाड्यावरून महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी ती पहिलीच. लोकांना वाटतं, पहिलं असण्यात मोठी मजा असते. मजा कसली डोंबलाची? साधी शंका आली तर विचारायला घरात माणूस नाही आणि बाहेर विचारावं तर आपलं अडाणीपण उघडं पडतं. रजेनंतर तर वर्षालीला फारच एकटं वाटायचं. कुणाला सांगायची मात्र नाही.

सोबतीला होती ती तिची आई जिवली. सोनीला, म्हणजे नातीला सांभाळायला ती दाभोशाहून आली होती आणि भाड्याच्या एका खोलीत लेक, आई, आजी अशा तिघी राहत होत्या. दुपारच्या सुट्टीत वर्षाली धावत यायची, सोनीला पाजायची आणि तोंड पुसत पुन्हा शाळेत पळायची. तेवढा अर्धा तास तिच्या दिवसातला खरा होता.

संध्याकाळी जिवली नागलीची भाकर थापत होती. वर्षालीनं चपला काढता काढता सांगून टाकलं की पगार कापला, निम्म्याच्या वर कापला. जिवलीनं तव्यावरची भाकर उलटली.

का कापला हे विचारायची तिला गरजच नव्हती. जिवलीचं आयुष्य भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेलं. भात झोडून झालं की मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची, बिऱ्हाड उचलायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. कामावर नसलात त्या दिवशी मुकादम खाडा मांडायचा आणि हंगाम संपला की तेवढी मजुरी कापून हातावर टेकवायचा. मजुरी कापायला त्या बाईला हे एकच कारण ठाऊक होतं.

सकाळी वर्षाली उठून बघते तर दाराशी पिशवी भरलेली. सोनीची दुपटी, झबली, घुटी उगाळायची सहाण, सगळं आत.

"पोरीला दाभोशाला नेते मी," जिवली म्हणाली. "सहा महिने घरी बसलीस, त्याचे खाडे धरले त्यांनी. आता दुपारची पळत येतेस पाजायला, त्याचेही धरतील. उद्या नोकरी घालवशील गो."

वर्षाली म्हणाली खरी की असं नसतं, हे खाडे नाहीत. पण आवाजात काही दम नव्हता, कारण मनातून तिलाही तीच भीती होती. टॅक्स टॅक्स म्हणतात पण जानेवारीत दिलेले रजेचे पैसेच परत कापले असतील. फुकट बसवून पगार कोण देतं? तिनं आईला एक दिवस मागितला. पगार निघतो त्या जव्हारच्या ऑफिसात जाऊन विचारते, मग ठरव म्हणाली. जिवलीनं पिशवी भिंतीला सरकवली, पण रिकामी केली नाही. उद्या सकाळच्या जीपनं निघायचं हे तिचं ठरलेलं होतं.

वर्षालीनं रजा टाकली. आता बघा, खाडा पडला का हे विचारायला बिचारीला खरोखरीचा खाडा पाडावा लागला. एसटीनं घाट चढून ती जव्हारला पोचली आणि ऑफिसात पगाराचं टेबल बघणाऱ्या बाबूंसमोर उभी राहिली. बाबू तिरसट, पण वाईट नव्हते. मार्च महिना, डोक्यावर काम, त्यात ही बाई बाकी काही न विचारता एकच विचारतेय की माझ्या रजेचे किती दिवस कापले.

बाबूंनी मान वर केली. रजेचा एक दिवसही कापलेला नाही, ते म्हणाले. बाळंतपणाची रजा भरपगारी असते, म्हणून तर त्यावर टॅक्स लागतो. वर्षभराचा टॅक्स महिन्या-महिन्याला थोडा थोडा जायचा, पण तुमचा पगारच अडकलेला, म्हणून सगळा शेवटच्या महिन्यावर आला. वर टॅक्स मोजायच्या पद्धती दोन, जुनी आणि नवी. कोणती हवी आणि विमाबिमा, मुलीच्या नावची बचत काय आहे, ते दिवाळीनंतर लिहून मागवलं होतं. तुम्ही रजेवर. तुमचं काही आलं नाही, म्हणून गेल्या वर्षीचीच जुनी पद्धत धरली आणि वजावट काहीच धरली नाही. तसं धरायला नको होतं, हे ते जरा हळू बोलले. नव्या पद्धतीत तुमच्या पगाराला टॅक्स बसतच नाही. जुलैपर्यंत रिटर्न भरा, त्यात नवी पद्धत निवडा, कापलेले परत येतील.

वर्षालीनं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. लाज सोडूनच आली होती ती. बाहेर पडली तेव्हा कधी एकदा सांगते असं झालं होतं, पण सांगायचं कुणाला? मुकेशला फोन लावला, तो पाळीवर, उचलला नाही. स्टँडवरच्या बाकावर ती मोबाइल मांडीवर घेऊन बसली. दूध दाटून आलं होतं. सोनीची वेळ केव्हाच टळून गेली होती. एवढी चांगली बातमी हाती असून तिला रडू आलं, आणि शेजारची म्हातारी बघतेय म्हणून तिनं पदरानं घाम पुसल्यासारखं केलं.

परतीच्या वाटेवर ती मनात वाक्यं जुळवत राहिली. आईला सांगायचं कसं? घरच्या बोलीत टॅक्सला शब्दच नव्हता. शेवटी तिला घरपट्टी सुचली.

खोलीवर आली, आधी सोनीला पाजलं आणि मगच सांगायला घेतलं. घराची पट्टी असते ना, तशी ही पगाराची पट्टी. मी कागद भरला नव्हता म्हणून जास्त घेतली, पावसाळ्यात परत देतील. जिवलीला हे मुळीच पटलं नाही. कापलेलं परत देणारा माणूस तिनं जन्मात बघितला नव्हता. बाबूनं तुला वाटेला लावलं, एवढंच ती म्हणाली आणि उठून पिशवीत बाळाची टोपी कोंबायला लागली.

"आई, माझा एकही खाडा नाही," वर्षाली म्हणाली. "सहा महिने मी सोनीला घेऊन बसले, त्या सगळ्या दिवसांची मजुरी मला मिळाली. पुरी."

टोपी हातात तशीच राहिली. जिवली खाली बसली.

"घरी बसून पोर पाजलीस, नि तुझी हजरी लागली?"

"लागली."

"रोजची?"

"रोजची, आई."

जिवली बोलायला लागली ती सोनीकडे बघूनच. गोकुळ, वर्षालीचा थोरला भाऊ, दूधपिता होता तेव्हा तिनं त्याला सासूकडे ठेवला आणि भट्टीवर गेली, खाडे नकोत म्हणून. हंगाम संपवून परत आली तर पोर तिला बघून रडायला लागलं. ते आजीला आई म्हणायचं. गोकुळ आजही आईला जिवली म्हणूनच हाक मारतो. वर्षालीला वाटायचं, दादाची ती आपली मस्करी.

"तुझ्या येळेला मी कुणाचं ऐकलं नाय," जिवली म्हणाली. "तुला भट्टीवर नेली. तू रडलीस की हातातला साचा टाकून यायचे. मुकादम खाडा मांडायचा. मांड म्हटलं. हंगामाच्या शेवटाला आमच्या हातात काय आलं नाय, उलट उचल राहिली अंगावर. तुझा बाप महिनाभर बोलला नाय माझ्याशी. पण तू मला आई म्हणतेस."

वर्षालीला हे काहीच माहीत नव्हतं. तिला आईजवळ सरकावंसं वाटलं, पण सोनी मांडीवर झोपली होती आणि हलली असती तर जागी झाली असती. ती तिथूनच बघत राहिली.

जिवलीनं पिशवी जवळ ओढली आणि एकेक दुपटं बाहेर काढून घडी घालायला घेतली. दोन-तीन घड्या झाल्यावर तिनं विचारलं, अगदी साधं, दुकानातून मीठ आणशील का विचारावं तसं.

"त्या बाबूला विचारशील? माझ्या तेव्हाच्या खाड्यांचा असा काय कागद भरता येतो का? पैसे नको मला. नुसती हजरी लावली तरी चालेल."

वर्षाली विचारते म्हणाली. जिवलीनं मान हलवली आणि उरलेली झबली खुंटीवर टांगायला उठली.