आखाजीची तिसरी घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी मी सुरतेतल्या लिंबायतच्या बाजारातून दोनाऐवजी तीन घागरी आणल्या. रिक्षात तिन्ही मांडीवर. खड्डा आला की एकमेकींवर आपटून वाजायच्या, आणि माझं काळीज त्यांच्याहून जास्त.

दोन घरच्या. एक सासऱ्यांची, एक आजेसासूची. वारलेली माणसं आखाजीला पाणी प्यायला येतात, म्हणून ज्याची त्याची घागर भरायची, वर डांगर, म्हणजे गोड खरबूज, ठेवायचं. तिसरी लेखिका अनुसया देवऱ्यांची. परवा फोनवर बातमी आली, त्या गेल्या.

मी सुरतेतच जन्मले. आमचं मूळ गाव आधी पाहिलं ते त्यांच्या पुस्तकात, मग एसटीतून. माझ्या वडिलांनी आणलेलं ते एकच पुस्तक सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या अख्ख्या गल्लीनं वाचलं, पानं पार पापडासारखी झाली. त्यातली पाखरी शेळी नदीत उतरली की आम्ही पोरी ओट्यावर पाय वर घेऊन बसायचो, भिजू नयेत म्हणून.

तिसरी घागर बघून सासूबाई सुभद्राबाईंचा पुरणाचा हात हवेतच राहिला. पुस्तकवालीची घागर त्यांनी सात पिढ्यांत ऐकली नव्हती. उद्या पेपर टाकणाऱ्याचीही भरशील, म्हणाल्या. मग आवाज उतरला. निखाऱ्यावर घास टाकताना हाक मारावी लागते, आणि हाक नात्यानंच मारतात. बिननात्याच्या हाकेला कोण येणार?

“ती आपली कोन लागस?” त्यांनी विचारलं. “नातं सांग, मंग भर.”

मावशी म्हणू की आत्या? खोटं नातं लावलं तर ओळखू येईल. सासूबाईंना नाही, अनुसयाबाईंना.

निखारे फुलले. माझा नवरा वाल्मिक आंघोळ करून पाटावर बसलासुद्धा. तिसरी घागर कोपऱ्यात कोरडीच.

तेवढ्यात दारातला झोका करकरला. झोक्यावर आमची सहा वर्षांची गायत्री, आणि सासूबाई एका हातानं झोका देत रोजच्यासारखं गुणगुणायला लागल्या:

पाखरी शेळी, पाण्यात पाय,
पल्याड पाला, अल्याड माय.
तापीबाई, उथळ हो गं,
पोट भरलं की परतते मग.

लाटायला घेतलेली सांजोरी टाकून मी धावले. पेटीतून पुस्तक काढलं, झोक्यापुढे उभी राहिले आणि बोट ठेवून तेच पद वाचलं. शब्दाला शब्द. गायत्रीला निजवताना मी ते म्हणायचे. भिंतीपलीकडून ते कधी त्यांच्या तोंडी गेलं, त्यांनाही कळलं नव्हतं.

सासूबाईंनी झोका धरला. अक्षर येत नाही, तरी त्या पानावरून हात फिरवत राहिल्या.

“हाई गानं त्या बाईनं शे? माले वाटे, मनी मायनं शे.”

इतके दिवस त्या ते आपल्या आईचं गाणं समजत होत्या. मी होकारार्थी मान हलवली.

सासूबाईंनी उठून तिसरी घागर काठोकाठ भरली. डांगरं दोनच होती, तेव्हा सासऱ्यांच्या घागरीवरचं उचलून तिच्यावर ठेवलं. त्यांना साखरेचा आजार होता, तसंही चालत नव्हतं, म्हणाल्या.

निखाऱ्यावर तूप पडलं, धूर उठला. सासऱ्यांना हाक झाली, आजेसासूला झाली. तिसरा घास हातात धरून वाल्मिक अडला, माझ्याकडे बघायला लागला. सासूबाईंनी तो घास त्याच्या हातून काढून घेतला.

“अनुसयामाय,” त्या म्हणाल्या, “घास ले व.”

धूर सरळ वर चढला. झोक्यावर बसलेल्या गायत्रीनं हळूच पाय वर घेतले.