कचरू मास्तरांचा ट्रम्पेट

मित्रांनो, जालन्याहून अंबडकडे निघालात की शहर संपल्यावर एक व्यसनमुक्ती केंद्र लागतं. दारूत बुडालेली मोठी माणसं तिथं तीन-तीन महिने राहतात आणि दारूशिवाय जगायला पुन्हा पहिल्यापासून शिकतात. त्या केंद्राच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या रजिस्टरांच्या मागे, फेट्याच्या कापडात गुंडाळलेला एक पितळी ट्रम्पेट पडून आहे. तो मी. माझ्या अंगावर हिरवे डाग चढलेत. तीन कळांपैकी दोन दाबल्या तरी हलत नाहीत. अडीच वर्षांत मला कोणी तोंडाला लावलेलं नाही. पण मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मला ज्यांनी वाजवलं, त्या कचरू मास्तरांची हकीकत मला सांगायची आहे.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या एका अरुंद गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरानं पितळेचा पत्रा ठोकून, नळ्या वाकवून मला घडवलं. तिथून मी रेल्वेनं जालन्याला आलो. तिथल्या मस्तगड भागात बँडचं एक दुकान होतं. आज ते राधेश्याम चालवतो, तेव्हा त्याच्या वडिलांचं होतं. भिंतीवर लाल कोट टांगलेले, कोपऱ्यात ढोल रचलेले. कचरू तेव्हा वीस वर्षांचे होते आणि वरातीत मागच्या रांगेत खुळखुळे वाजवत. एक दिवस वडील मालकांनी मला त्यांच्या हाती दिलं. "फुंकून बघ रे," म्हणाले. कचरूंनी फुंकलं. समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून दारात येऊन उभा राहिला. वडील मालक एवढंच बोलले, "ह्याच्या छातीत हवा हाय."

सात वर्षांनी त्याच माणसानं मला कायमचं कचरूंना देऊन टाकलं. तोवर सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले होते.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! परतूरपासून भोकरदनपर्यंत लोक लग्नाची तारीख धरायच्या आधी विचारत, मास्तर मोकळे आहेत का? वरातीत पोरं नाचायची ती सगळ्यांच्याच बँडपुढं नाचतात. मास्तरांची खरी कमाल पाठवणीला. नवरी गाडीत बसायला निघाली की मास्तर डोळे मिटत आणि मला हलकेच उचलत. मग माझ्यातून असा सूर निघायचा की नवरीकडचे तर रडायचेच, पण नवऱ्याची आईसुद्धा पदर तोंडाला लावायची. किती जणींच्या लेकी आम्ही दोघांनी सासरी पाठवल्या, त्याचा हिशेब नाही.

मास्तरांना एकच लेक, संध्या. लहानपणी ती मला मांडीवर घेऊन बसायची आणि म्हणायची, "पप्पा, मला वाटं लावताना तुम्हीच वाजवायचं. दुसऱ्या कोणाला वाजवू द्यायचं न्हाई."

मास्तर हसून म्हणत, "तुला वाटं लावायचीच न्हाई मला."

पण वरातीत आणखी एक गोष्ट असते, ती तुम्हीही पाहिली असेल. नाचणाऱ्यांतला कोणीतरी प्लास्टिकचा ग्लास घेऊन बँडवाल्यांकडे येतो. "मास्तर, घ्या. सूर मोकळा निघतो." त्याच्या मनात वाईट नसतं. त्याच्या घरी लग्न असतं, आनंद वाटून टाकायचा असतो. मास्तर झाल्यावर पहिली दोन वर्षं त्यांनी ग्लास हातानं मागे सारला. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यातल्या एका लग्नात घेतला. मित्रांनो, त्यांच्या घरच्यांच्याही आधी ते मला कळलं. माणूस मला फुंकतो तेव्हा त्याच्या छातीतली हवा माझ्या नळ्यांतून फिरते. त्या दिवशी ती हवा आंबट होती.

सत्यशीलाबाई, मास्तरांच्या बायको, बियाण्याच्या कंपनीत निवडणीचं काम करत. दाणे निवडून निवडून त्यांची नजर बारीक झाली होती. सुट्टीच्या दिवशी त्या मला चिंचेनं घासत. एकदा घासता घासता थांबल्या.

"आवो, ह्याच्यातून वास कशाचा येऊन राह्यला?"

"सर्दी झाल्ती. औषध घेतलं होतं."

"औषध तुम्ही घेतलं का ह्यानं?"

मास्तर हसले. बाई हसल्या नाहीत.

पुढची बारा वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना मला लाज वाटते. आधी फक्त लग्नसराईत, मग पावसाळ्यातही, मग सकाळी चहाच्या आधी. मास्तरांचे हात थरथरू लागले. कळा चुकू लागल्या. परतूरच्या एका वरातीत ते चालता चालता खाली बसले आणि बँड त्यांना तिथंच ठेवून पुढे गेला. संध्या बारावीला होती. शाळेतल्या मैत्रिणी वडिलांचं विचारत, तेव्हा ती "ते बाहेरगावी असतात" म्हणून सांगू लागली.

शेवटी सत्यशीलाबाईंनी त्यांना रिक्षात घातलं आणि ह्या केंद्रात आणलं. मास्तर मला सोडायला तयार नव्हते. छातीशी धरूनच आत आले.

केंद्राचं काम बघतात ते तातेराव सर. ते स्वतः एकेकाळी दारूत बुडालेले. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी सोडली. त्यांनी मास्तरांच्या हातातून मला हळूच काढून घेतलं आणि ह्याच कपाटात ठेवलं. पहिले पाच दिवस मी भिंतीपलीकडून मास्तरांचं कण्हणं ऐकत होतो. घामानं अंथरूण भिजायचं, त्यांना भिंतीवर मुंग्या चालताना दिसायच्या. खरं तर तिथं एकही मुंगी नव्हती. डॉक्टर यायचे, औषधं द्यायचे. सहाव्या दिवशी मास्तरांनी वरणभात खाल्ला आणि तो पोटात राहिला. त्या दिवशी तातेराव सरांनी अख्ख्या केंद्राला गोड शिरा केला.

महिन्याभरानं त्यांनी मला बाहेर काढलं. सकाळच्या प्रार्थनेला मास्तर मला वाजवू लागले. हवा स्वच्छ होती, मित्रांनो! बारा वर्षांत इतकी स्वच्छ हवा माझ्यातून गेली नव्हती. बाकीचे रुग्ण डोळे पुसत ऐकायचे. सगळे म्हणत, ह्या बाजानंच मास्तरांना बरं केलं. मलाही तसंच वाटलं. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी चूक.

नव्वद दिवस पुरे झाले तेव्हा तातेराव सर म्हणाले, "कचरूभाऊ, एक ऐका. लग्नाचा सीझन करू नका. बाकी काहीबी करा."

"मला दुसरं येतंय काय सर?"

"शिकाल. पण ज्या मांडवात पडलात, त्याच मांडवात जल्दी उभं राहायला जाऊ नका."

मास्तरांनी ऐकलं. मला पेटीत ठेवलं आणि मोसंबीच्या बाजारात माल भरायला जाऊ लागले. पाच महिने घरात हसू होतं. संध्याचं लग्न ठरलं. भोकरदनच्या पुढच्या धावडा गावचं घर, चांगली माणसं. आणि लग्नाच्या आठ दिवस आधी संध्यानं पेटी उघडली. मला पुसलं आणि वडिलांसमोर धरलं.

"पप्पा, माझ्या वाटं लावण्याला वाजवाल ना?"

सत्यशीलाबाई भांडी घासत होत्या. त्यांचे हात थांबले. "राहू दे ग ते," एवढंच म्हणाल्या.

"आई, एकच गाणं. सगळ्यांच्या लेकींना वाजवलं त्यांनी."

मास्तर नाही म्हणू शकले नाहीत. कोणता बाप म्हणू शकला असता?

लग्नाला बँड राधेश्यामचाच होता. जेवणं उरकली. पाठवणीला अर्धा तास होता. मास्तर मला घेऊन मांडवामागे गेले. ओठ सुकले होते. दोनदा फुंकलं, सूर फाटला. घाबरले. बँडमधले जुने सोबती भोवती जमले. त्यांतला एक जण ग्लास घेऊन आला. "मास्तर, एकच. आज लेकीचं हाय. सूर मोकळा निघू द्या."

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण माझा आवाज माणसाच्या श्वासावर चालतो. मास्तरांनी ग्लास घेतला. मग दुसरा. मग मोजायचं त्यांनी सोडलं.

फुलांनी सजवलेली गाडी उभी होती. संध्या आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि मधूनमधून मान वळवून बघत होती, पप्पा कुठे आहेत. मास्तर आले. मला उचललं. पहिली ओळ बरोबर निघाली. दुसऱ्या ओळीत सूर खाली कोसळला आणि त्याच्यामागे मास्तर. गाडीच्या पुढच्या चाकापाशी ते पडले. मी सिमेंटवर आपटलो, माझं तोंड चेपलं. व्याह्यांनी जवळच्या दोन पोरांना हाक मारली. म्हणाले, "उचला त्यांना. गाडी निघू द्या."

संध्यानं एकदा खाली पाहिलं. मग गाडीत बसली आणि काच वर केली.

पुढचे अकरा दिवस मास्तर पीतच राहिले, शुद्धीवर नव्हते म्हटलं तरी चालेल. बाराव्या दिवशी ते एकटेच चालत ह्या केंद्रात आले. मला लग्नातल्या फेट्यात गुंडाळलं होतं. तातेराव सरांच्या टेबलावर त्यांनी मला ठेवलं.

"सर, हे तुमच्यापाशी ठेवा. मी मागितलं तरी देऊ नका. रडलो तरी देऊ नका."

"वाजवायचं न्हाई कधी?"

"हे तोंडाला लावलं की मला ग्लास आठवतो. ह्याचा काही दोष न्हाई. पण आठवतो."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंच्या गोष्टीत मालक वस्तूला विसरतो आणि वस्तू झुरते. इथं मालक मला विसरला नाही, म्हणून त्यानं मला कोंडलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी त्यांचं औषध नव्हतो.

मास्तर ह्या खेपेला तीन महिन्यांनी गेले नाहीत. केंद्रातच कामाला लागले. नवीन आलेला माणूस घामानं भिजून थरथरत असला की मास्तर त्याच्याशेजारी बसतात. त्याचा हात धरतात आणि सांगतात, "मुंग्या दिसून राह्यल्या ना? मला बी दिसल्या होत्या. खऱ्या न्हाईत त्या." रविवारी सत्यशीलाबाई डबा घेऊन येतात. दोघं झाडाखाली बसून जेवतात. ऑफिसच्या खिडकीतून त्यांचं बोलणं मला ऐकू येतं. संध्याचं नाव निघालं की सत्यशीलाबाई डब्याचं झाकण लावायला घेतात.

एकदा राधेश्याम आला. लग्नाच्या तिथी दाट होत्या, वाजवणारा आजारी पडला होता. "मास्तर, चार लग्नं फक्त. शपथ घेतो, तुमच्या आसपास कोणाला येऊ देणार न्हाई."

मास्तरांनी तातेराव सरांकडे पाहिलं. "एकदा बघू द्या मला."

सरांनी मला काढलं. मास्तरांनी मला हातात घेतलं. बोटं कळांवर गेली, जशी आपल्या घराच्या कडीवर जातात. मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. माझ्या नळी-नळीला वाटलं, त्यांनी एकदा फुंकावं. फक्त एकदा. आणि त्याच वेळी मी मनात म्हणत होतो, नको, मास्तर, नको. त्यांनी मला ओठांपर्यंत नेलं. तिथं थांबले. मग फेट्यात गुंडाळून परत सरांच्या हाती दिलं.

"राधेश्याम, तुझ्या वडिलांचे उपकार हायेत. पण मला जगायचंय रे."

गेल्या महिन्यात संध्याच्या मुलाचं बारसं झालं. लग्नानंतर तिनं वडिलांना पहिल्यांदाच बोलावलं. तेही आईच्या फोनवर. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून, बाळाला टोपरं घेऊन सकाळच्या बसनं धावड्याला गेले; सत्यशीलाबाई आदल्या दिवशीच तिकडं गेल्या होत्या. दुपारीच परत आले. ऑफिसात रोज चारला सगळे गोल बसतात आणि ज्याला बोलायचं तो बोलतो. त्या दिवशी मास्तर बोलले.

"बाळ सगळ्यांच्या मांडीवर गेलं. माझी पाळी आली. मी हात पुढे केले. संध्या म्हणाली, 'आई, तू घे. त्यांचे हात थरथरतेत.' मला पप्पा बी म्हणाली न्हाई. 'त्यांचे' म्हणाली." मास्तरांनी आपले हात समोर धरून पाहिले. "खरं हाय. थरथरतेत. बराबर केलं तिनं. म्या बी माझ्याकडं दिलं नसतं."

तातेराव सरांनी हळूच विचारलं, "मंग? तिथून कुठं गेल्ता?"

"बस भोकरदनला थांबली. स्टँडसमोरच दारूचं दुकान हाय सर. उघडंच होतं. मी बसमधून उतरलो न्हाई. सीटचा दांडा धरून बसलो. डोळे मिटून घेतले."

"आणि?"

"आणि काय. इकडंच आलो."

गोलात बसलेला एक नवीन माणूस, चार दिवसांपूर्वीच आलेला, मोठ्यानं रडायला लागला. मास्तर उठून त्याच्याजवळ जाऊन बसले.

मित्रांनो, तुम्ही मला बाहेर काढा, घासा, चमकवा असं मी म्हणत नाही. मला इथंच राहू द्या. माझ्या कळा गंजल्या तरी चालतील. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. जो माणूस अशा केंद्रातून घरी परत येईल, त्याला एका दिवसात माफ करता आलं नाही तरी चालेल, पण दार उघडं ठेवा. आणि तुमच्या घरी लग्न असेल, वरात रंगात आली असेल, तुमचं मन आनंदानं भरून आलं असेल, तेव्हा बँडवाल्याला पाणी द्या, जेवायला बसवा, त्याच्या मुलाबाळांची विचारपूस करा. दारूचा ग्लास मात्र त्याच्या हातात देऊ नका. वाजवणाऱ्यालाही घरी जायचं असतं.