मुठीतला दिवा

"हे लाल. हे काळं. अन् हे... लालच हाय," अन्नपूर्णाबाईंनी हळूच सांगितलं आणि कुणी पाहत नाही ना म्हणून रस्त्याकडे नजर टाकली.

सुलतानपूरच्या फाट्यावर कडुनिंबाजवळ भाऊरावांची घरगाडी उभी होती. जुन्या मिनीबसमध्ये पलंग, ओटा, बेसिन, सगळा संसार बसवलेला. लोणारचं सरोवर पाहायला येणाऱ्यांना ती भाड्याने द्यायची होती. पण आतले बारा पिवळे बल्ब एका रात्रीत बॅटरी पिऊन टाकत आणि सकाळी गाडी ढकलावी लागे. म्हणून भाऊरावांनी एलईडीचे बल्ब आणून निवृत्तीच्या पुढ्यात ठेवले होते. काम जमलं तर पुढच्या तीन गाड्यांचं वायरिंगही त्याचंच, असा शब्द दिला होता.

पस्तीस वर्षं त्याने ट्रॅक्टर, जीपा, टेम्पोंचे दिवे केले. आसपासच्या गावांत 'मिस्त्री' म्हटलं की निवृत्तीच. पण दोन वर्षांत काचबिंदूने त्याचा उजवा डोळा खाल्ला, आणि डाव्याला उन्हात सगळं पांढरंफटक दिसे. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर ज्यांनी डोक्यावर घेतलं तेच उद्या दारातून परत फिरले असते. लोकांचं काय, त्यांना दुसरा मिस्त्री मिळतो.

जुन्या बल्बाला वायर कशीही जोडा, तो पेटतोच. एलईडीला उलटी वायर खपत नाही. म्हणून डबा घेऊन आलेल्या अन्नपूर्णाबाई, त्याची बायको, गप्पांच्या निमित्ताने बसून रंग सांगत होत्या, आणि जोडलेला बल्ब पेटला की तेही.

अकरा बसले. बारावा राहिला.

"तू पाणी घेऊन ये," निवृत्ती म्हणाला.

"हा एक होऊ द्या ना."

"काऊन? एवढंबी मले जमत नाही का?"

त्या कळशी घेऊन गेल्या. तेवढ्यात भाऊराव आले.

"झालं का मिस्त्री?"

"झालंच. हा शेवटचा तपासतो अन् बसवतो."

उन्हात पेटलेला बल्ब कुणालाच नीट दिसत नाही, म्हणून निवृत्ती पहिल्यापासून बल्ब मुठीत धरून तपासायचा. ऊब लागली की चांगला. बॅटरीच्या आणि उरलेल्या बल्बांच्या लाल वायरींना त्याने बायकोला विचारून आधीच गाठी मारून ठेवल्या होत्या. त्या चाचपून त्याने बल्ब जवळच्या आपल्या बॅटरीला जोडला आणि मूठ मिटली. थंड. जास्तीचा एक होता, तो घेतला. तोही थंड.

"भाऊराव, तुम्हाले फसवलं दुकानदारानं. हे दोन्ही मेलेले हायेत."

भाऊरावांनी वाकून त्याच्या मुठीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "मिस्त्री, जळून राह्यला ना तो. तुमच्या बोटाइतून उजेड येऊन राह्यला. एलईडी जुन्यासारखा तापत नाही."

निवृत्तीने मूठ उघडली. डोळ्यांपुढे काहीतरी हललं, वारा लागला. भाऊरावांनी हात हलवून पाहिला असावा. असली लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

"तुम्ही आता आराम करा," भाऊराव म्हणाले. "हा एक मी लोणारात बसवून घेतो. बाकीच्या गाड्याइचं मंग पाहू. हे जुने बल्ब ठेवा तुम्हाले."

गाडी गेली. अन्नपूर्णाबाई कळशी घेऊन आल्या तेव्हा तो बॅटरीपाशी तसाच बसला होता. त्याने सांगितलं, तेव्हा त्यांनी कळशी खाली ठेवली.

"मी उठाले नव्हतं पायजे," त्या म्हणाल्या.

त्याने जुन्यांतला एक बल्ब काढून वायरी हातात घेतल्या.

"गाठीची लाल हाय," त्या घाईने म्हणाल्या.

"याले रंग लागत नाही."

त्याने वायरी टेकवल्या आणि बल्ब मुठीत धरला. ऊब आली. मग तळहात भाजायला लागला, तरी त्याने मूठ सोडली नाही.